जुवावरची आठ बोटं

काकांचा बैल माझ्या हातून मेला, आणि त्याबद्दल माफी काकांनी माझी मागितली. भर दुपारी, माझ्या अंगणात, पागोटं डोक्यावरून काढून दोन्ही हातांत धरून. मी ती माफी घेतली. "असू द्या, काका," म्हणालो. माझी चूक कोणती असं कुणी विचारलं तर मी बैलाचं नंतर सांगीन, आधी हे तीन शब्द सांगीन. बैल मारणारे त्या सालांत पुष्कळ होते. ज्याचा बैल मारला त्याच्याचकडून माफी घेणारा दुसरा कुणी मला अजून भेटलेला नाही.

ती सालं कापसाच्या तेजीची होती. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लढाई कोण कुणाशी करतंय हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, पण ती थांबू नये असं सगळ्यांना वाटत होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सोडून दुसरं काही पेरणारा वेडा ठरत होता. अमरावतीच्या बाजारातून परतणारा प्रत्येक जण नवी वार्ता आणायचा. अमक्याने बैलबंडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली. तमक्याने म्हशीला रेशमी झूल शिवली. चाक मी पाहिलं नाही. झूल पाहिली. म्हैस ती झूल घेऊन चिखलात बसली होती.

काका माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या आणि त्यांच्या वावरामध्ये एक धुरा, म्हणजे बांध, होता, धुऱ्यावर बोरीचं जाळं आणि एक उंच बाभूळ. माझा बाप गेला त्याच वर्षी ढोरांच्या रोगात आमच्या जोडीतला एक बैल गेला आणि तांबड्या एकटा उरला. काकांकडेही एकच बैल होता, अंगावर काळेपांढरे ठिपके असलेला, म्हणून कबऱ्या. मग आम्ही सावड केली.

सावड आमच्याकडे फार जुनी. एकेक बैल असलेले दोघे जण आपले बैल एका जुवाला लावतात आणि पाळीपाळीने एकमेकांचं वावर करतात. आज तुझं, उद्या माझं. जोड्या अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मारुतीच्या पारावर ठरायच्या. कागद नसायचा. "यंदा म्या ह्याच्या जुवाले," एवढं चारचौघांत बोललं की वर्ष बांधलं जायचं. ज्याच्याशी कुणी जू लावत नाही तो माणूस गावात असून नसल्यासारखाच.

मी तेव्हा पंचविशीचा, काका पंचेचाळीसच्या पुढचे. काकांबरोबर काम करणं सोपं नव्हतं. सकाळी वखर नीट चालायचा, पण धुऱ्याजवळ आला की त्यांचा हात ढिला पडायचा. तोंड वर, डोळे बाभळीकडे. कबऱ्याला ते ठाऊक होतं. तो आपणहून थांबायचा आणि तांबड्याची मान जुवासकट ओढली जायची.

"काका, तास वाकडा जाऊन राहिला."

"जाऊ दे. वर कोन बसलं ते पाह्य."

वर पहाऱ्याला बसलेला असायचा एक सातभाई. हे पाखरू सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. मातकट रंग, पिवळी चोच, सदा चिडल्यासारखा चेहरा, सात-आठांचं टोळकं आणि दिवसभर कचकच. आमची माणसं त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत. काकांनी जन्मभर दुसऱ्या कशाकडे दिलं नाही.

दुपारच्या भाकरीला आम्ही लिंबाखाली बसायचो. काका पागोटं सोडून मांडीवर घ्यायचे आणि सावलीकडे पाठ करून बोरीच्या जाळ्याकडे तोंड करायचे. मग हलायचे नाहीत. मुंगी पायावर चढली तरी नाही. पागोट्याच्या शेवटाला ते गाठी मारायचे. एक पाखरू वर बसून उतरलं आणि दुसरं चढलं की एक गाठ. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. मला येत होतं, पण ते लिहून ठेवावं असं मला कधी वाटलं नाही. संध्याकाळी काकी त्या गाठी सोडत बसायची आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "दुनियेचे नवरे अमरावतीवरून रुपये आनून राहिले. माहा नवरा गाठी आनते."

"त्या मोजून सोड," काका म्हणायचे.

"पाखरायचे पोरं मोजा तुमी. आपल्या घरात मोजाले हाय काय?"

त्यांना लेकरू नव्हतं. काका यावर कधी रागावले नाहीत. "नाई तं नाई," म्हणायचे. "त्या बाभळीवरच्या थव्यात बी साऱ्यायले नसते."

हे त्यांनी पाहिलेलं होतं. थव्यातलं एक जोडपं घरटं करतं आणि बाकीचे त्या पिलांना चारा भरवतात. एका सातभाईची शेपटी अर्धी तुटलेली होती, त्यावरून काकांना ते कळलं. तुटक्याने मागच्या वर्षी त्याच जाळ्यात अंड्यातून डोकं काढलं होतं आणि या वर्षी तो आपल्या धाकट्यांना अळ्या आणून देत होता. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कुजबुजीवर आला होता, एखाद्याच्या घरातली खासगी गोष्ट सांगावी तसा.

"काहून करते तो असं? स्वतःचं घर काहून नाई बांधत?"

"मले काय मालूम, काका?"

"मले बी नाई मालूम. पन इचार तं कर."

काहून, म्हणजे का, हा त्यांचा शब्द. गावातली पोरं त्यांना काहूनकाका म्हणायची.

एकदा पारावर एक कीर्तनकार उतरले होते. त्यांनी पाखरांच्या एकीचा दाखला दिला. देवाने मुक्या जिवांना धर्म शिकवला, माणूस मात्र विसरला, असं काहीसं. काका उभे राहिले.

"महाराज, धरम असता तं साऱ्याच पाखरायले शिकवला असता. घारीले काहून नाई शिकवला?"

कीर्तनकार हसले. म्हणाले, ही देवाची लीला.

"लीला नोय. म्या सांगतो. ज्या थव्यात वर बसनारा नव्हता, तो थवा शिकऱ्यानं कवाचाच खाल्ला. ज्यायच्यात होता ते वाचले, त्यायचे पोरं बी तसेच निंगाले. आपल्याले उरलेले दिसून राहिले, महाराज. मेलेले काय दिसतीन?"

लोकांनी त्यांना खाली बसवलं. कुणीतरी म्हणालं, याला घरी न्या. वाटेत काका मला म्हणाले, "म्या देवाले नाव नाई ठेवलं. म्या फक्त मेलेल्यायची गोठ काढली."

पण ते कोरडे नव्हते. एकदा आमच्या डोळ्यांदेखत शिकऱ्याने वर बसलेलाच सातभाई उचलला. खालचे सगळे झुडपात शिरून वाचले, कारण त्याने आधी ओरडून सांगितलं होतं. काकांनी त्या दुपारी भाकर खाल्ली नाही. तिन्हीसांजेपर्यंत धुऱ्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर बाभळीच्या त्याच फांदीवर तुटका बसलेला.

"पाह्य," काका म्हणाले. "त्याले कोनं सांगतलं?" आणि पागोट्याच्या शेवटाने त्यांनी डोळे पुसले.

पावशाची गोष्ट मात्र त्यांना सर्वांत जास्त छळायची. पावसाच्या आधी पावशा पेर्ते व्हा, पेर्ते व्हा म्हणून ओरडतो आणि आमचा सगळा मुलूख त्याच्या शब्दावर तिफणी बाहेर काढतो. तो पावशा आपलं अंडं सातभाईच्या घरट्यात टाकतो. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, दिवसांत काकांनी मला जाळ्यात वाकून दाखवलं. सातभायांहून मोठं, वेगळ्याच रंगाचं एक पिलू चोच वासून बसलं होतं आणि तुटका त्याच्या घशात अळी घालत होता.

मी म्हणालो, "मूर्ख हायेत."

"मूर्ख नाईत. चोच उघडली का भरवायची, एवढंच त्यायले येते. हे पोर आपलं का दुसऱ्याचं, हे पाहत बसले असते तं आपलेच उपाशी मेले असते." मग त्यांनी जाळ्याच्या फांद्या परत जुळवल्या. "पावशे थोडे हायेत, म्हून हे चालून राहिलं, बाबू. सारेच पावशे झाले तं अंडे टाकतीन कोठी?"

मी हसलो होतो. मला ते बोलणं तेव्हा पाखरांचं वाटलं.

आता जुवाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड. ते दोराने वखराच्या किंवा बंडीच्या दांडीला बांधतात. दोर बरोबर मधोमध असला तर दोन्ही बैलांवर भार सारखा. दोर ज्याच्या बाजूला सरकला, त्याच्यावर भार जास्त. तांबड्या पाच वर्षांचा होता, कबऱ्या बारा वर्षांचा. काकांनी पहिल्याच दिवशी दोर चार बोटं तांबड्याच्या बाजूला बांधला. चोरून नाही, मला दाखवून.

"तरन्यानं चार बोटं जास्त वढाव. म्हातारा आज वाचला तं उद्या बी तुह्या जुवाले उभा राहीन. मेला तं तुहा तरना एकला काय करन?"

"म्हंजे कबऱ्यावर दया करा म्हना ना."

"दया नोय गा. अशा बांधलेल्या जोड्या टिकल्या, म्हून ही रीत राहिली. बाकीच्यायची रीत त्यायच्यासंगंच गेली."

तीन वर्षं ते जू तसंच चाललं आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

चौथ्या वर्षी बंड्यांची ओढ लागली. आगगाडी अजून आमच्याकडे यायची होती. पश्चिमेला कुठेतरी तिचा रस्ता संपत होता आणि तिथवर सगळा कापूस बैलांच्या मानेवर जात होता. अमरावतीहून अकोल्यापर्यंतच्या एका खेपेला जे मिळत होतं ते वावरात वर्षभर राबून मिळत नव्हतं. सावडी मोडू लागल्या. ज्याला त्याला स्वतःची पुरी जोडी पाहिजे होती. सावड म्हणजे गरिबी, असं पोरं उघड बोलू लागली. मलाही तेच वाटत होतं. फरक एवढाच की मी काकांसमोर बोललो नाही.

गहू पेरून झाले होते, बैल रिकामे होते. मी काकांना म्हणालो, एक खेप करू, निम्मं तुमचं.

"वखराचा भार न्यारा, बंडीचा न्यारा," काका म्हणाले. "कबऱ्या बंडीचा राहिला नाई आता."

मी चार दिवस त्यांच्या मागे लागलो. काकीही माझ्या बाजूने बोलली. घराचं छप्पर गळत होतं. शेवटी काका तयार झाले. वखराचं तेच जू त्यांनी स्वतः बंडीला बांधलं, दोर चार बोटं तांबड्याकडे, गाठीवर गाठ. मग माझा हात धरून त्या गाठीवर ठेवला.

"एकच खेप. अन् हे सोडू नोको."

"नाई सोडत, काका."

पहिल्या दिवसाचा मुक्काम मोडून निघताना मला तांबड्याच्या खांद्यावर थोडी सूज दिसली. बोटाने दाबली तर त्याने मान झटकली. शेजारच्या बंडीवाल्याने ते पाहिलं. परक्या गावचा माणूस होता, त्याचं नावही मी विचारलं नाही.

"तरना बैल काहून घासून राहिला बे? अकोल्यात असल्या बैलाले लोक काय वाट्टेल ते देऊन राहिले. जू सरकव ना. तो म्हातारा तं असाबी जानाराच हाय."

दोष मी त्या माणसाला देत नाही. त्याने सांगितलं नसतं तर मी दुपारपर्यंत स्वतःच तिथवर पोचलो असतो. मी काकांची गाठ सोडली. दोर मधोमध आणला. तिथेही मला थांबता आलं असतं. मधोमध म्हणजे सारखा भार, त्याला कुणी पाप म्हटलं नसतं. मी आणखी चार बोटं सरकवला, कबऱ्याच्या बाजूला. आठ बोटं. बंडी चालू लागली तेव्हा काहीच वेगळं दिसलं नाही. दोन बैल पूर्वीसारखेच मान खाली घालून चालले होते. हे काम किती सोपं आहे, याचंच मला नवल वाटलं.

चौथ्या दिवशी काटेपूर्णेचं पात्र उतरलो. पलीकडच्या चढावर कबऱ्या पुढच्या गुडघ्यांवर बसला. मी ओरडलो, शेपटी पिरगाळली. तो उठला. दहा पावलं चालला आणि पुन्हा बसला, आणि मग कुशीवर गेला. त्याच्याबरोबर तांबड्याची मान खाली ओढली गेली. तांबड्या तसाच वाकून उभा राहिला आणि कबऱ्याचा कान चाटू लागला.

मागच्या बंड्या अजून पाण्यात होत्या. माझ्याकडे थोडा वेळ होता. माझ्या जागी कुणीही असतं तर त्याने आधी बैलाची मान मोकळी केली असती. मी आधी दोर सोडला आणि परत काकांच्या जागी बांधला. चार बोटं तांबड्याकडे. कबऱ्या त्या वेळी श्वास घेत होता. गाठ पक्की करून झाल्यावर मी त्याची मान सोडवली, आणि मग लोक आले.

माझा माल दुसऱ्यांच्या बंड्यांवर चढला. मी तांबड्याला घेऊन परतलो, रिकामी बंडी कुणाच्या तरी मागे बांधून. गावात वार्ता माझ्याआधी पोचली होती. काका दुपारी माझ्या अंगणात आले, मागे काकी.

काकांनी एकच विचारलं. "जू?"

"तसंच होतं."

"सोडलं नव्हतं?"

"नाई."

काकी तांबड्याजवळ उभी होती. त्याच्या खांद्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "तुह्या बैलाच्या खांद्याले तं घट्टा बी नाई आला, बाबू. भार त्याच्यावर होता ना?"

मी काकांकडे पाहिलं. पाखराच्या शेपटीतलं एक पीस ओळखणारा तो माणूस. त्याने नुसतं वळून तांबड्याकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं. पण त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, आणि माझं तोंड त्यांनी कधी तपासायचं म्हणून पाहिलंच नव्हतं.

"तरनं अंग हाय, त्याले काय होते?" ते काकीला म्हणाले. "मंग कबऱ्याच कच्चा निंगाला." आणि त्यांनी पागोटं काढलं. "माह्या बैलानं तुही खेप बुडवली गा. म्या तुले कच्चा बैल देला. माफी कर."

"असू द्या, काका."

तिथे हे थांबलं असतं तरी मला झेपलं असतं. पण काकांच्या मते सावडीचं वर्ष अखजीपर्यंत होतं आणि त्यांच्या बैलाची पाळी राहिली होती. पाळी राहिली म्हणजे फेडायची. बैल नव्हता तर ते स्वतः आले. माझ्या वावरात मी पऱ्हाट्या उपटायला आठ माणसं लावली, तर त्यांच्यात ते नववे. अखजी आली आणि गेली तरी त्यांच्या हिशेबाने पाळ्या फिटल्या नव्हत्या. त्या पावसाळ्यात ते माझ्याकडे निंदणाला आले. बायकांच्या रांगेत एक पागोटेवाला म्हातारा उकिडवा बसून खुरपं चालवायचा आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी धुऱ्यावर उभा राहून ते पाहिलं. पुरे, असं म्हणणं माझ्या हातात होतं. मी म्हटलं नाही. ते काम करत होते तोवर माझं खोटं खरं राहत होतं.

बोरीचं जाळं त्या रांगेपासून वीस पावलांवर होतं. सातभाई कचकच करत होते. काकांनी मान वर केली नाही. एकदा मीच म्हणालो, "काका, वर कोन बसलं?"

"म्या पाहनं सोडलं," ते म्हणाले. "ज्याले आपल्या दावनीचा बैल नाई समजला, त्याले पाखरं काय समजतीन? वीस वर्सं म्या खोटंच पाहलं असन."

त्यानंतर त्यांच्या तोंडून काहून हा शब्द मी ऐकला नाही.

त्यांनी पुन्हा बैल घेतला नाही. वावर बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलं. कुणी जोडी लावायला आलं असतं की नाही ते सांगता येत नाही, कारण ते पारावर बसलेच नाहीत. पायरीवर बसू लागले, चपला काढतात तिथे. आणि गावाला एक बोल सापडला. दोर अर्ध्यात तुटला, काकाचा बैल. नवी सून माहेरी निघून गेली, काकाचा बैल. तेजी एका दिवसात कोसळली, चांदीच्या धावेवाले रस्त्यावर आले, तेव्हा त्या तेजीलाही लोक काकाचा बैल म्हणाले. काकाही हसायचे. मीही हसलो आहे, दोन-चार वेळा, सगळे हसत होते म्हणून.

माझं मात्र चांगलं झालं. तेजी उतरायच्या आत मी वावर वाढवलं होतं. दोन जोड्या झाल्या. पंचांत बसू लागलो. काकी मध्ये वारली. त्या दुपारनंतर तिने मरेपर्यंत माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, आणि का ते कधी बोलली नाही. तिला सांगायचं राहिलं.

ते जू मी टाकलं नाही. जाळलं असतं तर कुणी विचारलं नसतं, पण हात झाला नाही. गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं होतं. गेल्या माघात सालदाराने ते खाली काढलं आणि मला म्हणाला, "मालक, ह्या जुवाले दोराच्या दोन खाचा काहून?" तीन दिवसांत दोराने लाकडात दुसरी खाच पाडली होती. मी त्याला काहीतरी बोलून घालवलं. मग तिथेच गव्हाणीवर बसलो. इतक्या वर्षांनी कुणीतरी काहून म्हणालं होतं, आणि ते काका नव्हते.

यंदाच्या अखजीला मी ते जू खांद्यावर घेऊन पारावर गेलो. लोक पुन्हा सावडी करू लागले आहेत. पुऱ्या जोड्यांचे दिवस गेले. एक जण आपल्या बैलाला जोडीदार मागत होता आणि दुसरा त्याला चिडवत होता, "काकाचा बैल तं नोय ना बे तुहा?" लोक हसले. पायरीवरचे काकाही हसले. आता ते साठी ओलांडलेले, कान थोडे गेलेले, डोळे शाबूत.

मी जू त्यांच्यापुढे ठेवलं.

काकांनी लाकडावरून हात फिरवला. एका खाचेत बोट घातलं, मग दुसरीत. परत पहिलीत.

"दोन काहून?" ते म्हणाले.

"ही तुमची, काका. ही माही. दुसऱ्या रोजी म्या दोर सोडला. भार कबऱ्यावर टाकला. तो पडल्यावर परत बांधून ठेवला. तुमी अंगनात इचारलं तवा खोटं बोललो."

त्यांनी दोन्ही खाचांच्या मध्ये बोटं मांडली. चार, आणि चार.

"आठ," ते म्हणाले. "किती दिस?"

"तीन."

"बोजे भरून?"

"हाव."

"काटेपूर्णेचा चढ बी?"

"हाव."

ते जुवाकडे पाहत राहिले. ओठ हलत होते. गाठी मोजताना हलायचे तसे.

"तीन दिस लय झाले," ते म्हणाले. "पंधरा वर्साचा बैल. पयल्याच रोजी पडाले पायजे होता."

मी खाली बसलो आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "माफी करा, काका." त्यांनी पाय मागे घेतले. मला उठवलं नाही.

"माह्याजवय नोको," ते म्हणाले. "मले समजलं. तिकडे तोंड कर. बैलाचं सांग."

मी उभा राहिलो. पारावर सगळा गाव होता, माझे सालदार, माझे व्याही, माझ्याबरोबर पंचांत बसणारे. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणालो, "काकाचा बैल कच्चा नव्हता. जू म्या सरकवलं होतं. मले माफी करा."

"मोठ्यानं," काका मागून म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.